दोन विहिणी आणि माझं रक्त

सागवानाची सहा फुटी फळी सायकलला बांधून घरी नेता येते, असं मला ज्या दिवशी वाटलं, त्या दिवशी कुणीतरी मला अडवायला हवं होतं. कुणी अडवलं नाही. उलट लकडगंजातल्या लाकूडवाल्याने स्वतः फळी सायकलच्या दांडीला बांधून दिली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाला, "जाओ बाबूजी, भूकंप आया तो भी नहीं गिरेगी." त्याचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. फळी पडली नाही. मी पडलो. फळी शेवटपर्यंत सायकलवर होती आणि सायकल माझ्यावर होती.

ही त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्याच्या तोंडची गोष्ट. मी रविंद्र, पाटबंधारे खात्यात आवक-जावक कारकून. (आलेली पत्रं एका वहीत आणि गेलेली दुसऱ्या वहीत लिहायची, एवढंच काम. पण चुकून वह्यांची अदलाबदल झाली तर धरणसुद्धा अडतं.) प्रताप नगरात दोन खोल्या, त्यात मी, माझी माय इंदूबाई आणि बायको प्रेमिला. प्रेमिला शाळेत मास्तरीण आहे, म्हणजे घरातही आहे. फळी पुस्तकांसाठी हवी होती. ती आली, भिंतीला लागली, पुस्तकंही चढली, आणि मी खाली सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये घालून त्यांच्याकडे पाहत पडलो.

प्लास्टर निघालं तेव्हा मायने गल्लीभर साखर वाटली. चौथ्या दिवशी पोटरी दुधीभोपळ्याएवढी सुजली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉ. वैरागड्यांनी पाय दाबून पाहिला. मी ओरडलो. त्यांनी समाधानाने मान हलवली.

"शिरेत रक्ताची गाठ झाली आहे," ते म्हणाले.

"विरघळेल ना, साहेब?"

"विरघळेल. जागची हलली नाही तर."

"आणि हलली तर?"

"फुफ्फुसात जाईल."

"आणि मग?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. (डॉक्टर चष्मा पुसायला लागले की माणसाने पुढचं विचारू नये.)

त्यांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. दर सोमवारी रक्त तपासायचं. तुमचं-आमचं रक्त गोठायला त्या तपासणीत बारा सेकंद लागतात. माझं पंचविसाच्या आसपास ठेवायचं. फार कमी झालं तर गाठ वाढेल, फार जास्त झालं तर रक्त वाहायला लागेल आणि थांबायचं नाव घेणार नाही. म्हणजे मी तारेवर चालायचं आणि खाली दोन्हीकडे विहीर.

मी एकच विचारलं, "दसऱ्याला मला उभं राहता येईल का?"

हे का विचारलं ते सांगतो. छप्पन सालच्या दसऱ्याला धम्मदीक्षा झाली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. गावागावांहून पायी आलेल्या माणसांना त्या दिवशी मी पाणी पाजलं, आणि तेव्हापासून एकही दसरा चुकवला नाही. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर आमच्या वस्तीची पाणपोई लागते, तिथे पहाटेपासून मी उभा. ऑफिसात बारा वर्षं झाली तरी साहेब मला अजून 'ए, ते हे' म्हणतात. पण त्या रस्त्यावर पार चांद्याकडून आलेली म्हातारी माणसं मला ओळखतात. "जय भीम, पानीवाले भाऊ" म्हणतात. वर्षातून एक दिवस मी कुणीतरी असतो. तो दिवस मला खाटेवर पडून घालवायचा नव्हता.

"रिपोर्ट नीट राहिले तर बघू," डॉक्टर म्हणाले. "बिघडला तर दसरा ह्या खाटेवर. आणि इतर कोणतं औषध चालू आहे?"

कार्डावर तसा रकानाच होता. मी कारकून. रिकामा रकाना मला बघवत नाही. मी सांगितलं, "निरंक."

आता आमच्याकडे रक्त पातळ होणं हा आजार समजतात, औषध नव्हे. ज्याचं रक्त पातळ तो वाऱ्याने पडायचा, त्याला पोरगी कोण देणार! त्यामुळे बातमी उमरेडला पोचली आणि दुसऱ्याच दिवशीच्या एस.टी.ने माझ्या सासूबाई, सिंधूताई, डोक्यावर गाठोडं घेऊन हजर झाल्या. गाठोड्यात तरोट्याची भाजी, चवळीचा पाला आणि पालक. कपडे नंतर कुणासोबत तरी येणार होते.

"जवाईबापूचं रक्त पातळ करून राहिले?" त्या दारातूनच कडाडल्या. "काहून वं ईनबाई? पोराले चांगलं घट्ट रक्त होतं, अन् हे डॉक्टर त्यात पानी ओतून राहिले अन् तुमी पाहून राहिल्या?"

"डॉक्टरले कळते," माय म्हणाली. विहिणीने भाजी आणली की तिचा आवाज बारीक होतो. "पातळ कराचं म्हंते तर पातळ करा लागीन."

एवढ्यावर त्या दिवसाचं भांडण संपलं असं मला वाटलं. (मला नेहमी असंच वाटतं.)

पावसाळ्यातला वर्षावास चालू होता, म्हणून माय रोज दुपारी विहारात वाचन ऐकायला जायची. प्रेमिला शाळेत. मायची पाठ वळली की सासूबाई माझ्यापुढे भाजीचा वाडगा ठेवायच्या. वाटी नव्हे, वाडगा. एक दिवस तरोटा, एक दिवस चवळी, एक दिवस पालक.

"खा, बापू. रक्त भरते यानं. पन तुमच्या मायले सांगू नका, तिले वाटीन मी तिच्या घरात नाक खुपसून राहिली."

ते वाटण्यासारखंच होतं. मी खाल्लं.

संध्याकाळी सासूबाई पलीकडच्या गल्लीत उमरेडच्या एका ओळखीच्या घरी गप्पा मारायला जायच्या. त्यांची पाठ वळली की माय उशाशी येऊन बसायची. लसणाच्या दहा पाकळ्या ठेचून घातलेली जवसाची चटणी पुढे करायची आणि वर गरम पाण्यात आलं.

"खाय गा. लसूननं रक्त पातळ होते. डॉक्टरच्या गोळीले मदत होईन. पन तुह्या सासूले सांगू नको, ते पुन्हा बोंबलते."

तेही खरंच होतं. मी तेही खाल्लं. मग माय मला पालथं पाडून पाठीला हिरवं तेल चोळायची. दुखण्याखुपण्यावरचं ते झणझणीत वासाचं तेल तिने बाजारातून आणलं होतं. "पायाले हात नाई लावत मी," असं ती मोठ्या जबाबदारीने सांगायची.

सोमवार आला. डॉक्टरांनी विचारलं, "इतर औषधं?"

मी विचार केला. औषध म्हणजे जे चिठ्ठीवर लिहून येतं ते. बाकीचं जेवण. भाजीला कुणी औषध म्हणतं का? चटणीला? मी म्हणालो, "निरंक."

रिपोर्ट आला, पंचवीस सेकंद. पुढच्या सोमवारी चोवीस. त्याच्या पुढच्या सोमवारी परत पंचवीस. डॉक्टर कागद उजेडात धरून पाहू लागले.

"मी इतकी वर्षं ही गोळी देतोय," ते म्हणाले. "ह्या गोळीवर माणसाचं रक्त झोक्यासारखं वरखाली होतं. तुमचं हलतच नाही. करता काय तुम्ही?"

इथे मी नम्रपणे गप्प बसायला हवं होतं.

"शिस्त, साहेब," मी म्हणालो. "गोळीची वेळ मी वहीत लिहितो. तारीख, वेळ, सही."

"सही कुणाची?"

"माझीच."

डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी मला त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे यायचं आमंत्रण दिलं. पुढच्या बुधवारी साठ भावी डॉक्टर मला पाहणार होते. आदर्श रुग्ण म्हणून! मी घरी आलो तो लंगडत नव्हे, तरंगत आलो. ऑफिसातल्या सगळ्यांना निरोप धाडला. समाचाराला येणाऱ्यांना मी शिस्तीवर व्याख्यान देऊ लागलो. दोन दिवसांत समाचाराला येणारे बंद झाले.

त्याच आठवड्यात उमरेडहून निरोप आला की घरच्या हातमागावर सूत भरायला माणूस नाही, काम अडलं आहे. सासूबाई गेल्या. जाताना माझ्या कानात म्हणाल्या, "भाजी खात जा." मी 'हो' म्हणालो. पण मायला कसं सांगणार, की दुपारचा वाडगा आता तू कर? भाजी बंद झाली. चटणी, आलं आणि तेल मात्र सुरूच होतं. उलट विहीण गेल्याच्या आनंदात मायने पाकळ्या दहाच्या पंधरा केल्या.

चार-पाच दिवसांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. मी ब्रश बदलला. सोमवारी रक्त द्यायला गेलो नाही, कारण बुधवारी जायचंच होतं. (शिस्तप्रिय माणसाला एखादी सवलत स्वतःची स्वतः घेता येते.)

बुधवारी नवं पातं लावून दाढी केली. हनुवटीला बारीकसं कापलं. कापूस लावला, पांढरा सदरा घातला आणि निघालो.

हॉलमध्ये साठ पोरं-पोरी. डॉक्टरांनी मला ओट्यावर उभं केलं आणि फळ्यावर लिहिलं, २५, २४, २५.

"हे पाहा," ते म्हणाले. "हा रुग्ण आहारात बदल करत नाही. इतर औषध घेत नाही. डॉक्टरपासून काही लपवत नाही."

मी छाती पुढे काढली. झेंडावंदनाला उभा राहतो तसा उभा राहिलो.

पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांचा कापूस लाल झालाय."

"किरकोळ आहे," डॉक्टर म्हणाले. "तर अशा रुग्णाच्या बाबतीत..."

"सर, कॉलरपण."

"सर, खिशापर्यंत आलं."

डॉक्टर वळले. मी हसण्याचा प्रयत्न केला. हिरड्याही लाल होत्या, असं नंतर कळलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा बेशुद्ध पडला आणि अर्धा वर्ग त्याच्याकडे धावला. आदर्श रुग्ण ओट्यावर एकटा राहिला.

तासाभरात रिपोर्ट आला, बावन्न सेकंद.

मला खाटेवर घातलं. गोळी बंद केली. एक इंजेक्शन दिलं. मी विचारलं, "साहेब, दसरा?" डॉक्टर म्हणाले, "आधी उद्याची सकाळ बघू." आणि त्यांनी चष्मा काढला. तेव्हा मात्र मी घाबरलो, अगदी मनापासून घाबरलो. प्रेमिला शाळेतून तशीच धावत आली होती, हाताला खडू लागलेला. तिने माझा हात धरला आणि ती काही बोललीच नाही. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ती इतका वेळ गप्प मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. माय पायथ्याशी बसून डोळे पुसत होती. मी मेलो तर ह्या दोघींचं काय, हा विचार आला आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं. मग डॉक्टरांनी चौकशी सुरू केली.

"काय बदललं?"

"काही नाही, साहेब. वही पाहा."

"काहीतरी बदललंय. गोळी तीच, माणूस तोच."

प्रेमिलाचा हात माझ्या हातातून निघाला. वर्गात कॉपी करणारा सापडला की तिचा चेहरा जसा होतो, तसा झाला.

"घरात एकच गोष्ट बदलली," ती म्हणाली. "माझी आई उमरेडला गेली."

"तुमच्या आई काय करत होत्या?"

"मला माहीत नाही. मी शाळेत असते. पण ह्यांना माहीत आहे. ह्यांचे कान पाहा, डॉक्टर. लाल झाले."

मी पालक कबूल केला. चवळी कबूल केली. तरोट्यावर येईपर्यंत मायच उठून उभी राहिली.

"माह्या मागं? माह्या घरात?" ती ओरडली. "मी इथं लसून खाऊ घालून घालून पोराचं रक्त पातळ करून राहिली, अन् ते बाई दुपारी घट्ट करून राहिली!"

"लसूण?" डॉक्टर म्हणाले.

"जवसाच्या चटनीत. अन् आलं. अन् पाठीले हिरवं तेल."

"हिरवं तेल?" डॉक्टर खुर्चीत बसले. "आणि हे तुम्ही मला सांगितलं नाही?"

"तुमी मले कुठी विचारलं? ह्याले विचारलं!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "रकान्यात 'औषध' लिहिलं होतं, साहेब. 'चटणी' लिहिलं नव्हतं."

प्रेमिलाने एस.टी.च्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने सासूबाई वॉर्डात दाखल झाल्या. (गाठोड्यासकट.) डॉक्टरांनी दोन्ही विहिणींना समोरासमोर बसवलं, पाच-सहा विद्यार्थीही बोलावले आणि समजावून सांगितलं. पालेभाजीत एक जीवनसत्त्व असतं, ते गोळीच्या उलटं काम करतं, रक्त गोठायला मदत करतं. लसूण, आलं आणि जवस गोळीचा जोर वाढवू शकतात, आणि त्या तेलातलं औषध तर कातडीतून आत जाऊन भरच घालतं. दोघी विरुद्ध दिशांना ओढत होत्या म्हणून मी तीन आठवडे मधोमध राहिलो. एकीने दोर सोडला आणि मी दुसरीच्या अंगावर पडलो.

"म्हंजे," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "माह्या भाजीनं रक्त थांबते?"

"गोठायला मदत होते, हो."

"अन् परवा तुमी ह्यायले सुई टोचली, त्यात काय होतं?"

डॉक्टर म्हणाले, "तेच जीवनसत्त्व."

"म्हंजे तुमी माही भाजीच देल्ली ना, सुईतून!" सासूबाईंनी पदर खोचला आणि विद्यार्थ्यांकडे वळून पाहिलं. एका पोराने ते वहीत लिहून घेतलं.

"अन् माह्या तेलानं बावन झाले," माय मागे राहणार थोडीच! "नुसत्या गोळीनं झाले असते का, डॉक्टर? खरं सांगा."

"नसते झाले बहुतेक," डॉक्टर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

मायने विहिणीकडे पाहिलं. विहिणीने मायकडे पाहिलं. बारा वर्षांत (लग्न ठरलं ते वर्ष धरून) पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. मी खाटेवर होतो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

निकाल असा लागला. तेल बंद. लसणाचा औषधी मारा बंद, भाजीच्या फोडणीत असेल तेवढाच. पालेभाजी मात्र बंद करायची नाही. रोज एक वाटी, कमी नाही, जास्त नाही. त्यावर "कोनती वाटी? इथली का उमरेडची?" असा वाद सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांनी आमच्या घरून एक वाटी मागवली आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून स्वतः खूण करून दिली. घरी सासूबाई भाजी रांधायच्या, माय खुणेपर्यंत मोजायची आणि प्रेमिला वहीत सही करायची. माझ्या सहीवरचा विश्वास उडाला होता.

पुढच्या सोमवारी अठ्ठावीस. मग पंचवीस. मग दसऱ्याआधीच्या सोमवारी पुन्हा पंचवीस! डॉक्टरांनी कागद फडकावला. "जा, उभे राहा! पण फक्त उभं राहायचं. घागर उचलायची नाही, वाकायचं नाही, आणि दर तासाला दहा पावलं चालायचं."

मी जिंकलो होतो. गाठ विरत होती, पाय माझा होता आणि दसरा माझा होता. पहाटे पाणपोईवर पोचलो. छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. रस्ता माणसांनी भरून वाहत होता, निळे झेंडे, पांढरी लुगडी, खांद्यावर पोरं. ते पाहून माझा ऊर असा भरून आला की बिल्ल्याची टाचणी टोचेल की काय, अशी भीती वाटली.

पण घागरीजवळ दोघी आधीच बसल्या होत्या. माय भरून द्यायची, सासूबाई पाजायच्या. आणि पाजता पाजता प्रत्येकाला अख्खी हकिगत सांगायच्या.

"भाऊ, जय भीम," चांद्याकडचा एक ओळखीचा म्हातारा मला म्हणाला. "या साली पानी नाई देऊन राहिले?"

"नाही. डॉक्टरांनी फक्त उभं राहायला सांगितलंय."

"मंग उभेच आहा ना," तो म्हणाला आणि पायातून चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या. "जरा नजर ठेवजा. आत गर्दी लय आहे, मी येतोच."

त्याचं पाहून मागच्याने ठेवल्या. मग एका बाईने चार पोरांच्या ठेवल्या. बिल्ला लावून काहीही न करता उभा असलेला माणूस दुसरा कशासाठी असणार? दुपारपर्यंत माझ्यासमोर चपलांच्या सात रांगा झाल्या. मग मीही ईर्ष्येला पेटलो. कारकूनच मी. दर तासाला दहा पावलं चालून एकेक रांग तपासायचो. माणूस परत आला की त्याचा जोड बोट दाखवून ओळखून द्यायचो. तिसऱ्या प्रहरी पाय जरा जड वाटला, तर माय ओरडली, "चपला काढून उभा राह्य गा!" मी काढून शेवटच्या रांगेत नीट लावल्या.

दिवे लागायच्या वेळेपर्यंत सगळे आपापले जोड घेऊन गेले. दोनशे अठरा माणसं. एकाचीही चप्पल इकडची तिकडे झाली नाही, एकानेही तक्रार केली नाही. दिवसभर मी माझ्या दोन पायांवर उभा राहिलो होतो, हे मी मोठ्या अभिमानाने प्रेमिलाला सांगितलं आणि घरी जायला निघालो.

तेव्हा कळलं की त्या गर्दीत एकच जोड हरवला होता, आणि तो माझा होता.